उतारावर धावल्यानंतर मांडीची सोनोग्राफी: कधी, कुठे आणि कशी करायची

रविवारी येऊरच्या डोंगराच्या उतारावरून जोरात धावत आलेला माणूस सोमवारी ठाणे स्टेशनच्या पुलावर ओळखू येतो. जिना नेहमीसारखा चढतो, पण उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, जमलं तर एका कुशीला वळून उतरतो. यातले काही जण मंगळवारी आमच्याकडे सोनोग्राफीला येतात आणि टेबलावर आडवं व्हायच्या आधीच विचारतात, "मॅडम, आत काही फाटलंय का, तेवढं बघा."

फाटलंय का, हे सोनोग्राफी चांगलं सांगते. पण स्नायूला एकूण किती इजा झाली आणि ती किती भरून आली, हे सांगायला धावण्याच्या आधीचं चित्र लागतं. वय, मांडीवरची चरबी, व्यायामाची सवय यांप्रमाणे प्रत्येकाचा स्नायू पडद्यावर कमी-जास्त करडा दिसतो. पन्नाशीतल्या एखाद्याचा ठणठणीत स्नायू पंचविशीतल्या मुलाच्या सुजलेल्या स्नायूइतका उजळ दिसू शकतो. म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन 'आधी' आणि 'नंतर' अशा जोडीसाठी आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे धावपटू, त्यांचे प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि माझ्यासारखे सोनोग्राफी करणारे डॉक्टर, सगळ्यांना ते उपयोगी पडावं असा प्रयत्न आहे.

उतारच का

चढावर दम लागतो, पण स्नायूंची खरी झीज उतारावर होते. उतारावर पाय टेकला की गुडघा वाकू लागतो आणि अंगाचा भार खाली येतो. तो भार आवरायला मांडीचे पुढचे स्नायू, म्हणजे क्वाड्स, आकुंचन पावत असतात आणि त्याच वेळी लांबही होत असतात. याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. ताणलं जात असताना जोर लावला की स्नायूतंतूंमधले काही सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे सूक्ष्म एकक, मर्यादेबाहेर ताणले जातात आणि परत नीट जुळत नाहीत. मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडलेली ही कल्पना आजही या विषयात आधाराला घेतली जाते. व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी उठणाऱ्या दुखण्याचं वर्णन तर थिओडोर हाऊ यांनी १९०२ मध्येच केलं होतं आणि ते दुखणं स्नायूच्या आतल्या इजेमुळे येत असावं, असंही म्हटलं होतं.

ही मूळ इजा इतकी सूक्ष्म असते की सोनोग्राफीत ती दिसतच नाही. दिसतो तो तिचा परिणाम. दाह सुरू होतो, तंतूंच्या मधल्या जागेत द्रव साचतो, स्नायू फुगतो आणि पडद्यावर उजळ दिसू लागतो. इथे विद्यार्थी हमखास अडतात, कारण निव्वळ द्रव सोनोग्राफीत काळा दिसतो. मग सूज उजळ का? द्रव एका जागी न साचता तंतूंच्या मधे पसरतो, त्यामुळे ध्वनिलहरी परावर्तित होण्याच्या सीमा वाढतात आणि चित्र करडं-पांढरं होतं. एका ठिकाणी काळं तळं दिसलं, तर ते वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मशीन कुठलं आणि कुणाचं

हा प्रश्न फिजिओ आणि प्रशिक्षक वारंवार विचारतात: छोटं पोर्टेबल मशीन घेऊन उपवनला, येऊरच्या पायथ्याशीच तपासणी करता येईल का? नाही. आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर तो आणखी कडक झाला. मशीनची नोंदणी लागते, जागेची नोंदणी लागते आणि नोंदणी नसलेल्याला मशीन विकताही येत नाही. आपण तर पुरुषांच्याच मांड्या बघणार, मग कायद्याचा काय संबंध, असं म्हणून चालत नाही, कारण कायद्याची नजर मशीनवर असते. ज्या कारणासाठी हा कायदा आला ते कारण इतकं गंभीर आहे की ही गैरसोय आपण सोसायलाच हवी. तेव्हा नोंदणी असलेलं केंद्र आणि मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे स्नायू आणि सांध्यांच्या, सोनोग्राफीचा सराव असलेला डॉक्टर गाठा. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मशीन तेच आणि डॉक्टरही तोच, हे आधीच बोलून ठेवा. दोन केंद्रांतल्या चित्रांची उजळपणात तुलना होत नाही.

आधीची तपासणी: मांडीवरच्या खुणा

आधीची तपासणी धावण्याच्या आदल्या आठवड्यात करा. त्याआधी निदान तीन-चार दिवस जड स्क्वॉट्स, लंजेस किंवा उतारावरचा सराव नको, नाहीतर सुरुवातीचं चित्रच सुजलेलं मिळेल. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी दोनदा करा. हे दुसऱ्यांदा येणं लोकांना जिवावर येतं, पण त्याचं मोल पुढे आकडे वाचताना कळतं.

मांडी पुढून बघायची. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाने चाचपून शोधा आणि तिथून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंत टेपने अंतर मोजा. त्याच्या बरोबर मध्यावर पक्क्या मार्करने आडवी रेघ काढा. बाहेरच्या बाजूच्या व्हॅस्टस लॅटरॅलिस या क्वाड स्नायूसाठी मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा आणि गुडघ्याचा बाहेरचा उंचवटा यांचा मध्य घ्या. दोन्ही अंतरं सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून ठेवा. ठाण्यातल्या दमट हवेत आणि घामात मार्करची खूण दोन दिवसांत पुसट होते, म्हणून धावपटूला घरी रोज रेघ गिरवायला सांगा. तीळ, वांग, जुना व्रण असं काही जवळ असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा कागद मांडीवर ठेवून त्यावर खुणेसकट त्याची जागा उतरवून घ्या. पुढच्या वेळी तोच कागद ठेवला की खूण नेमकी सापडते.

मग माणसाला उताणं झोपवा. गुडघे सरळ, पाय सैल, आणि घोट्यांमध्ये उशी ठेवून पावलं बाहेर कलंडणार नाहीत असं करा. पंधरा मिनिटं काहीच करू नका. सीएसएमटीहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभ्याने आलेल्या माणसाच्या पायांत द्रव उतरलेला असतो. आडवं झाल्यावर तो हळूहळू परत फिरतो आणि तेवढ्या वेळात स्नायूची जाडी बदलते. आधीची तपासणी सकाळी केली असेल तर नंतरच्या सगळ्या तपासण्याही सकाळीच.

मशीनची मांडणी

यात हयगय झाली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा मशीनचा भाग, लिनिअर (सरळ तोंडाचा) घ्यायचा. फ्रिक्वेन्सी ८ ते १० मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवली तर मांडीच्या हाडापर्यंत नीट दिसतं. आणखी वर गेलात तर वरचे थर सुरेख दिसतात, पण खोलवरचा स्नायू काळवंडतो, आणि आपल्याला नेमका तोच बघायचा असतो. खोली इतकी ठेवा की हाडाची पांढरी कमान पडद्याच्या तळापासून थोडी वर राहील. बऱ्याच लोकांत ५ ते ६ सेंटिमीटर पुरतात, भरलेल्या मांडीला ७ लागतात. गेन, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, एकदा ठरवा आणि नंतर त्याला हात लावू नका. डायनॅमिक रेंजचंही, म्हणजे काळ्या-पांढऱ्यामधल्या छटांच्या आवाक्याचंही, तेच. खोलीनुसार उजळपणा बदलणारी टीजीसीची बटणं सगळी मध्यावर, एका रेषेत ठेवा. फोकस मधल्या खोलीवर ठेवा. मशीन आपणहून चित्र सुधारतं ती सगळी सोय, विशेषतः एका बटणावर गेन जुळवणारी, बंद करा. रोजच्या कामात ती उपयोगी आहे, पण इथे ती आपल्याला जो फरक मोजायचा आहे तोच पुसून टाकते.

ही सगळी मांडणी धावपटूच्या नावाने प्रीसेट म्हणून साठवा आणि शिवाय आकडे कागदावर लिहा, कारण केंद्रात चार जण काम करतात आणि प्रीसेट कधी बदलला जाईल ते सांगता येत नाही.

प्रोब धरणं

जेल भरपूर घाला, प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये जेलचा काळा थर पडद्यावर दिसला पाहिजे. हा थर दिसतोय याचा अर्थ तुम्ही दाबत नाही आहात. थर नाहीसा झाला की दाब पडला, स्नायू चेपला गेला आणि जाडी कमी आली असं समजा.

दाबाबद्दल इतकं आग्रहाने लिहिण्याचं कारण आहे. धावण्याआधी मांडी दुखत नसते, त्यामुळे हात नकळत जड पडतो. धावल्यानंतर माणूस प्रोब टेकताच कळवळतो आणि आपण आपोआप हलके होतो. आधी चेपलेला स्नायू आणि नंतर न चेपलेला स्नायू, यांची तुलना केली की सूज नसतानाही सूज दिसते. जेलचा थर दोन्ही वेळा सारखा ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय आहे.

प्रोब खुणेवर आडवा ठेवा. वरून खाली अशी रचना दिसेल: कातडी, चरबी, मग आवरणाची पांढरी रेघ, तिच्याखाली रेक्टस फिमोरिस या वरच्या क्वाड स्नायूचा लांबट गोल, पुन्हा एक पांढरी रेघ, तिच्याखाली व्हॅस्टस इंटरमिडियस हा खोलवरचा क्वाड स्नायू, आणि तळाला मांडीचं हाड, म्हणजे एक चकचकीत पांढरी कमान आणि तिच्याखाली सावलीचा काळोख. आता प्रोब जागच्या जागी किंचित पुढे-मागे कलवा. कललेल्या प्रोबमध्ये स्नायू खोटा काळा दिसतो. ज्या कोनात हाडाची कमान सर्वांत झळझळीत दिसते त्या कोनात थांबा, चित्र गोठवा, साठवा. प्रोब उचला, पुन्हा ठेवा, पुन्हा तेच. अशी तीन चित्रं प्रत्येक जागेची घ्या. न उचलता घेतलेली तीन चित्रं म्हणजे एकाच चित्राच्या तीन प्रती.

व्हॅस्टस इंटरमिडियसकडे खास लक्ष द्या. हा स्नायू खोल असल्यामुळे घाईच्या तपासणीत सुटतो. पण उतारावर धावायला लावून एमआरआयने केलेल्या अभ्यासात बदल याच स्नायूत ठळक आढळले आहेत. फक्त वरचा रेक्टस बघून "सगळं ठीक आहे" असा रिपोर्ट दिला तर मुख्य जागा बघायचीच राहिली. पोटरीही बघायची असेल तर बघा, मात्र मोठ्या उतारावर मुख्य भार मांडीवर येतो.

प्रोब उभा करूनही एक चित्र घ्या. त्यात तंतूंच्या समांतर तिरप्या रेघा दिसतात. सुजेमध्ये या रेघा धूसर होतात पण तुटत नाहीत. रेघ मध्येच तुटलेली असेल तर ती खरी फाटाफूट.

चित्रं कशी न्यायची

चित्रं डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या मूळ स्वरूपात पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर घ्या. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र दाबून छोटं केलेलं असतं, त्यातल्या करड्या छटा बदललेल्या असतात. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो आणि कागदावरची प्रिंट डोळ्यांनी बघायला ठीक, मोजायला अजिबात नाही.

जोर आणि दुखणं

सोनोग्राफी झाल्यावर, आधी नाही, स्नायूचा जोर मोजा. खुर्चीत बसवून, गुडघा ९० अंशात, घोट्यावर पट्टा आणि त्याला डायनॅमोमीटर. पूर्ण ताकदीने तीनदा लाथ मारल्यासारखं ढकलायचं, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. बऱ्याच फिजिओंकडे हे साधन असतं. जोर कमी होणं हा अशा इजेचा सर्वांत भरवशाचा निर्देशक मानला जातो, आणि सोनोग्राफी करणारी असूनही मला ते पूर्ण मान्य आहे. दुखणं शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारा, पण बसल्या जागी नको. एक पायरी उतरायला लावा आणि मग विचारा.

धाव

प्रयोग म्हणून करायचं असेल तर येऊरचा किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीचा रस्ता चांगला. येऊरला वनखात्याच्या चौकीच्या वेळा पाळा आणि वळणांवर गाड्यांकडे लक्ष ठेवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेने धावू नका. किती वेळ उतरलात आणि किती वेगाने, ते घड्याळात नोंदवा. प्रयोगशाळांत साधारण १० ते १५ टक्के उतारावर अर्धा ते पाऊण तास धावायला लावतात. उताराची सवय नसलेल्याने एवढं लगेच करू नये. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने परत उतरायचं असतं, म्हणजे उतार पाय थकल्यावर येतो. हे नोंदीत लिहिलं पाहिजे.

नंतर कधी

धावून आल्याबरोबर सोनोग्राफी करू नका. त्या वेळी स्नायूत रक्त भरलेलं असतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि जाडी वाढलेली दिसली तरी ती इजेची नसते. जोर मात्र लगेच मोजा, कारण तो लगेच घटतो.

रविवारची धाव असेल तर सोमवार, मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, आणि मग पुढचा रविवार, अशी मालिका उत्तम. एवढं जमणार नसेल तर मंगळवार आणि गुरुवार. एकच दिवस मिळणार असेल तर मंगळवार किंवा बुधवार. दुखणं साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसात शिखरावर असतं. उजळपणा बऱ्याचदा उशिरा वाढतो आणि दुखणं ओसरल्यावरही काही दिवस टिकतो. त्यामुळे गुरुवारी "आता बरं वाटतंय, पण चित्र तर बिघडलंय" असं घडलं तर घाबरू नका. रक्तातलं सीके (क्रिएटिन कायनेज, इजा झालेल्या स्नायूतून रक्तात येणारं एन्झाइम) बघायचं असेल तर उतारावरच्या धावेनंतर ते साधारण पहिल्या दिवशीच वर गेलेलं असतं.

मोजणं

इमेजजे हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. चित्र उघडा, ८-बिट करा, स्नायूभोवती रेघ काढा आणि मोजा. पांढरं आवरण रेघेच्या आत येऊ देऊ नका, तेवढ्याने आकडा वर जातो. सरासरी छटा ० ते २५५ मध्ये मिळते, ० म्हणजे पूर्ण काळं. तीन चित्रांची सरासरी काढा. जाडीसाठी वरच्या आवरणाच्या आतल्या कडेपासून खालच्या आवरणाच्या आतल्या कडेपर्यंत सरळ रेघ.

मोजणाऱ्याला चित्र आधीचं की नंतरचं ते कळू देऊ नका. फाइलींची नावं दुसऱ्याने बदलून द्यावीत. प्रामाणिक माणसाचाही हात अपेक्षित उत्तराकडे झुकतो.

आता आधीच्या दोन भेटींचा उपयोग. समजा, पहिल्या भेटीत व्हॅस्टस इंटरमिडियसचा आकडा ६३ आला आणि दुसऱ्या भेटीत ६६. मध्ये काहीही घडलेलं नसताना ३ चा फरक पडला. मग धावल्यानंतर ६८ आला तर त्यातून काही सांगता येत नाही. ८० आला तर सांगता येतं. दहा-बारा जणांच्या गटावर काम करत असाल तर मोजमापाची प्रमाण त्रुटी, म्हणजे काही बदललेलं नसतानाही आकडा साधारण किती हलतो ते, काढा आणि तिला २.७७ ने गुणा. एखाद्या व्यक्तीतला बदल त्याहून मोठा असेल तरच तो खरा धरा.

चित्राचा अर्थ लावताना

उजळपणा वाढला, जाडी वाढली, जोर घटला, पायरी उतरताना दुखतं: चारही एकत्र असतील तर उतारामुळे झालेली इजा आणि सूज आहे असं लिहिता येतं. फक्त उजळपणा वाढलाय आणि जोर जसाच्या तसा आहे, तर आधी गेन, कोन आणि खूण तपासा. जोर बराच घटलाय आणि चित्र स्वच्छ आहे, असं तर पहिल्या दिवशी सर्रास दिसतं. अशा वेळी जोराला माना. चित्र स्वच्छ दिसलं म्हणून बुधवारी वेगाचा सराव करायला सांगणारा प्रशिक्षक धावपटूचं नुकसान करतो. रिपोर्टमध्ये 'स्नायू डॅमेज' एवढंच लिहून देऊ नये. घरी गेल्यावर माणूस त्याचा अर्थ कायमचं काहीतरी बिघडलं असा घेतो. दाह आणि सूज, तंतू अखंड, आधीच्या तुलनेत इतका बदल, असं लिहावं.

शिअर वेव्ह इलास्टोग्राफी असलेल्या केंद्रात स्नायूचा ताठरपणाही किलोपास्कलमध्ये मोजता येतो आणि तो पहिल्या तासाभरातही वाढलेला आढळतो. सोय असेल तर जरूर करा, फक्त गुडघ्याचा कोन दर वेळी तोच ठेवा. स्नायू ताणलेला असला की आकडा बदलतो.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

दुखणं धावता-धावता एका क्षणी, चटकन, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी सुरू झालं असेल, तर ते दुसऱ्या दिवशी उठणारं नेहमीचं दुखणं नव्हे. तिथे तंतू तुटलेले आणि रक्ताचं काळं तळं दिसू शकतं. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल तर शिरेतली गुठळी वगळण्यासाठी त्याच दिवशी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या.

लघवी कोलासारखी गडद झाली, मांड्या दगडासारख्या ताठल्या, मळमळ होतेय, तर सोनोग्राफीच्या रांगेत बसू नका. थेट रुग्णालयात जाऊन सीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. स्नायू मोठ्या प्रमाणावर विरघळला तर मूत्रपिंडं धोक्यात येतात. घामाने अंग सुकलेलं असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊन धावणं हा धोका वाढवतं. शर्यतीच्या सकाळी मैत्रीखातर वाटल्या जाणाऱ्या या गोळ्या मला फार खटकतात.

दुसरी फेरी

एकदा उतारावर धावलेला स्नायू दुसऱ्या वेळी त्याच उताराला कमी दाद देतो. हे संरक्षण काही आठवडे टिकतं आणि त्यासाठी पहिली फेरी मोठी असावीच लागते असं नाही. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी येऊरचा छोटा उतार घ्या, वर सांगितलेली तपासणी करा. जोर पूर्ण परत आल्यावरच तोच उतार त्याच वेगाने पुन्हा घ्या, आणि त्यानंतरच्या मंगळवारी त्याच प्लास्टिकच्या कागदावरून खूण लावून पुन्हा चित्रं काढा. उजळपणा, जोर आणि दुखणं, तिन्हींतला बदल पहिल्यापेक्षा कमी असेल तर मांड्या उताराला तयार होत आहेत. बदल तेवढाच आला, तर मधली विश्रांती पुरली नाही किंवा दोन फेऱ्यांत फार अंतर पडलं. मग शर्यतीच्या आधी उतार आणखी न वाढवता सपाटीवर, पाम बीच रोडसारख्या रस्त्यावर सराव करा, आणि शर्यतीच्या दिवशी घाट उतरताना पावलं आखूड टाका.